हद्दीपलीकडचा गोठा

एक

बुधवारी सकाळी महिपती गुरुजी मेलेले सापडले आणि शुक्रवार उजाडला तरी ते कुठल्या जिल्ह्यात सापडले हे कोणाला ठरवता येत नव्हतं. दोन जिल्हे, दोन फौजदार, दोन मामलेदार, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की हे प्रेत आमचं नाही. असली नकोशी कामं फिरत फिरत शेवटी ज्याच्या टेबलावर येऊन पडतात तो मी. केशव दिगंबर पानसे, तालुका कचेरीतला अव्वल कारकून, वय चौपन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पेन्शनीला चार महिने बाकी.

सन १९३४ चा श्रावण होता. मुंबई इलाख्याच्या नकाशात खाली समुद्राकडे कुलाबा जिल्हा दिसतो आणि वर घाटमाथ्यावर पुणे. दोघांच्या मध्ये सह्याद्रीची एक काळी रेघ असते. साहेब लोकांनी ती टेबलावर बसून ओढली. नियम म्हटला तर सोपा आहे. माथ्यावर पडलेलं पाणी पूर्वेला इंद्रायणीकडे गेलं तर जमीन पुण्याची, पश्चिमेला कोकणात उतरलं तर कुलाब्याची. पण माणसं पाण्यासारखी वागत नाहीत. करवंदेवाडीच्या अंबाजीचं घर पुणे जिल्ह्यात होतं आणि त्याचा म्हशींचा गोठा खिंडीच्या पलीकडच्या उतारावर. गुरुजी त्या गोठ्यात सापडले होते, डोकं मागून फुटलेलं.

महिपती गुरुजी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. एकटा जीव, शाळेच्याच खोलीत राहायचे. मुलांना तालुक्याचा भूगोल शिकवायचे आणि कड्यावर बोर्डानं बसवलेल्या यंत्रातला पाऊस रोज सकाळी आठ वाजता मोजून तो आकडा लोणावळ्याला कळवायचे. अंबाजीच्या म्हशीनं त्या यंत्राचं कुंपण तिसऱ्यांदा मोडलं म्हणून सोमवारी संध्याकाळी चावडीवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "येक दिस तुमाला त्या पावसाच्या बाटलीत बुडवीन," असं अंबाजी दहा माणसांदेखत बोलून बसला. मंगळवारी पहाटे तो वाडीतून नाहीसा झाला, बुधवारी गोठ्यात प्रेत मिळालं, आणि दुपारी अंबाजी भाज्याला लेकीच्या घरी सापडला. फौजदारांच्या मते प्रकरण तिथंच मिटलं. सोमवारी रात्री खून केला आणि पहाटे पळाला.

आमचे मामलेदारसाहेब मला म्हणाले, "पानसे, वर जाऊन हद्द बघून या. एका ओळीचं काम आहे. 'सदरहू जागा कुलाबा जिल्ह्यात मोडते.' येत्या सोमवारी खालची पोलीस पार्टी येऊन आरोपीला घेऊन जाईल, आपण मोकळे."

"आणि जागा पुण्यात निघाली तर?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षं नोकरी केलीत, पानसे. असले प्रश्न विचारून नाही केलीत."

ते खरंच होतं. मी गुरुजींच्या अंगावरच्या वस्तूंचं गाठोडं उचललं. ते कोणत्या जिल्ह्यात जमा करायचं हेही माझ्या त्या एका ओळीवरच ठरणार होतं. एक तपकिरीची डबी, जानवं, रुमाल, आणि करगोट्याला बांधलेली एक छोटी पितळी किल्ली.

निघण्याआधी कोठडीत डोकावलो. अंबाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. चाळिशीचा, उंचापुरा.

"तू मारलंस का त्यांना?"

"न्हाई."

"मग तुझ्या गोठ्यात आले कसे?"

  "मला काय ठावं न्हाई," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. मला ते चमत्कारिक वाटलं. खोटा आळ आलेला माणूस चिडतो, रडतो, देवाची आण घेतो. याला राग आलेला दिसत नव्हता. आपल्यावर ही पाळी यायचीच होती असा त्याचा चेहरा होता.

बाहेर पायरीवर त्याची बायको मुक्ताबाई बसली होती. दोन दिवस ती तिथून हललेली नव्हती.

"रावसायेब, तुमी वाडीला निगालात न्हवं?" ती उठून उभी राहिली. "आमी भाज्याला हुतो. लेकीच्या पोराचं बारसं हुतं मंगळवारी, पंचमीच्या दिशी. मी आट दिस तितंच हुते. मालक मंगळवारी सकाळी सातालाच आलं, समद्या गावानं बगितलं. पळून जानारा मानूस बारशाला जातूय व्हय?"

"सोमवारी रात्री मारून सकाळी बारशाला गेला असेल, असं फौजदार म्हणतात."

 "सोमवारी त्येंला खाली न्हेत्यात," ती म्हणाली. "खाली आमचं कोन हाय, रावसायेब? तितं त्येंला फाशी देतील आन् मला कळनार बी न्हाई."

मी नुसती मान हलवली आणि स्टेशनकडे निघालो. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. माझ्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवली की मला अलीकडे राग येतो.

दोन

लोणावळ्याला उतरून मी नगरपालिकेतल्या ओळखीच्या कारकुनाकडे चहाला टेकलो. तो पावसाचे आकडे जुळवत बसला होता.

"तुमच्या गुरुजींनी फार घोळ केला," तो म्हणाला. जणू ते मुद्दामच मेले होते. "सोमवारी सकाळपर्यंतचा आकडा आला, त्यानंतर काही नाही. आणि सोमवारी रात्रीच तर धो धो कोसळला. मंगळवारी पहाटे थांबला तोवर आमच्याकडे सात इंच. त्यानंतर नुसती भुरभूर, आजपर्यंत सगळी मिळून दीड इंचसुद्धा नाही. वर जाताच आहात तर यंत्रात साठलेलं पाणी मोजून आणा ना. आठ-नऊ इंच असेल. ही घ्या मापाची काचनळी, एकदा भरली की अर्धा इंच."

आणखी एक काम! मी नळी पिशवीत टाकली आणि निघालो.

करवंदेवाडी लोणावळ्यापासून पाच मैल. धुक्यातून गुडघ्यांची समजूत घालत पोचेपर्यंत दुपार झाली. पोलीस पाटील दत्तोबा यांनी चावडीवर घोंगडी अंथरून ठेवली होती आणि गुळाचा चहाही तयार होता. पन्नाशीचा गोड बोलणारा माणूस. असे लोक मला लवकर थकवतात.

"लय वंगाळ झालं, रावसायेब," पाटील म्हणाले. "गुरुजी म्हंजी देवमानूस."

"शेवटचे कधी दिसले?"

"सोमवारी दिवं लागायच्या वक्ताला. भांडान झालं, गुरुजी साळंकडं गेलं. त्येच्यानंतर कुनालाच दिसलं न्हाईत."

"मंगळवारी शाळेत आले नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"पंचमीची सुट्टी न्हवं का. बायामान्सं वारुळाला गेलती, गडी घरात. नांगर न्हाई, कुदळ न्हाई, कोन कुटं जातंय?"

पाटलांची उत्तरं अगदी तयार होती. मी पितळी किल्ली दाखवली.

"ही पावसाच्या यंत्राची. येकच हाय, गुरुजी कुनाला हात लावू द्यायचं न्हाईत," पाटील म्हणाले. मग घाईनं पुढे म्हणाले, "तिकडं कशाला जाताय, कडा लय निसरडा झालाय. हद्द बगायची तर खिंडीत चला. ह्यो नथू जागल्या दावतो तुमाला."

नथू चावडीच्या खांबाआड उभा होता. साठीचा, वाळलेला, गावाची राखण आणि गावातल्या मयतांची उठाठेव पिढ्यान् पिढ्या यांच्याच घराकडे. मी त्याच्याकडे पाहिलं तसं त्यानं खाली पाहिलं.

तीन

खिंडीत सरहद्दीचा दगड जागच्या जागी होता, चांगला कमरेइतका, चुना फासलेला. गोठा त्याच्याखाली कोकणच्या उतारावर. मी पावलं मोजली. दोनशे. गोठ्याच्या दारातून वाहणारं पाणी खाली कोकणात उतरत होतं. शंकेला जागाच नव्हती. सदरहू जागा कुलाबा जिल्ह्यात मोडते.

माझी ओळ तयार झाली. पण गोठ्यात रक्त फारसं नव्हतं. गुरुजींना जिथं ठेवलं होतं तिथं खाली पेंढा पसरलेला होता, उशाला पेंढ्याचीच चुंबळ. मारणारा माणूस उशी कशाला देईल?

"नथू, हे पेंढ्याचं कोणी केलं?"

"आसंल आदीचंच," तो म्हणाला.

परत चढताना सरहद्दीचा दगड ओलांडून शंभरेक पावलं आलो आणि माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. वाटेच्या कडेला एका सपाट जागेवर बसलो. सवयीनं पावलं मोजतच होतो. गोठ्यापासून तीनशे दहा. घाम पुसताना शेजारी नजर गेली. तीन लहान दगड चुलीसारखे मांडलेले, आणि त्यांच्यामध्ये पानाखाली नाचणीच्या भाकरीचा तुकडा.

मी आयुष्यात पुष्कळ मयतांना गेलो आहे, वडिलांना खांदा दिला आहे. हे काय आहे ते कळायला मला वेळ लागला नाही. तो विसावा होता. प्रेत नेताना अर्ध्या वाटेत खाली टेकवतात, तीन दगड मांडतात, भाकरीचा तुकडा ठेवतात, खांदे बदलतात आणि पुढे निघतात. या बाजूला तर विसावा बरोबर मधोमधच व्हावा लागतो. अलीकडे झाला तर मेलेला घरी परत फिरतो, असं म्हातारे सांगतात.

"नथू, वाडीचं मसणवट कुठं आहे?"

"वड्याकाठी. तिकडं, उगवतीला."

"मग या वाटेनं कोणतं मयत गेलं?"

नथूनं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं. 

"भाकरी अजून विरघळली नाही. सोमवारी रात्रीच्या पावसात ती टिकली नसती. म्हणजे मंगळवारी ठेवली किंवा नंतर. खरं ना?"

"रावसायेब, मी म्हातारा मानूस, मला काय कळतंय," तो कसाबसा म्हणाला आणि चटकन उठून वाडीच्या दिशेनं चालू लागला. तो पाटलांना बोलवायला चालला होता हे मला समजलं, पण त्याच्यामागे धावणं माझ्यानं होणार नव्हतं.

चार

विसावा मधोमध असेल तर हिशेब पोरासोरांनाही जमेल. विसाव्यापासून गोठा तीनशे दहा पावलं खाली. म्हणजे प्रेत उचललं ती जागा तीनशे दहा पावलं वर.

वर वाटेला तीन फाटे फुटत होते. मी तिन्हीवर चाललो. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी मला काय काय शिव्या दिल्या असतील ते त्यांनाच माहीत. लोणावळ्याच्या वाटेवर तीनशे दहा पावलांनी मी उघड्या माळावर उभा होतो, जिथं लपवावं किंवा उचलावं असं काही नव्हतं. वाडीच्या वाटेवर भाताच्या खाचरात. रोप सगळं सरळ उभं, कोणी पाय ठेवलेला नाही. तिसरी वाट कड्याच्या पायथ्याशी जात होती. तीनशे चार, पाच, सहा... आणि समोर दगडांच्या राशीत तेरडा आडवा झालेला दिसला, माणसाच्या लांबीइतका.

दगडांच्या फटीत काच चमकली. मापाच्या नळीचे तुकडे होते, माझ्या पिशवीत होती तसल्याच नळीचे. वर पाहिलं. कड्याच्या काठावरचं शेवाळ हातभर लांब सोललेलं होतं, आणि कड्याच्या मधोमध, जिथं कोणाचाही हात पोचला नसता, एका झुडपात काळी छत्री उलटी होऊन अडकली होती. कड्याच्या माथ्यावर पाऊसयंत्राचं मोडकं कुंपण दिसत होतं.

म्हणजे गुरुजी इथं पडले, पुणे जिल्ह्यात, आणि नंतर कोणी तरी त्यांना उचलून हद्दीपलीकडे नेलं. पण कधी? सोमवारी संध्याकाळी भांडणानंतर अंबाजीनं त्यांना कड्यावर गाठून ढकललं, असं फौजदार म्हणतील. जागा बदलेल, फास तोच राहील.

मी वळसा घालून वर चढलो. यंत्राजवळ पोचलो तेव्हा दत्तोबा पाटील तिथं आधीच उभे होते. त्यांचा गोड चेहरा आता गोड नव्हता.

"रावसायेब, सांगितलं हुतं न्हवं, हिकडं येऊ नगा म्हनून?"

कडा माझ्यापासून चार हातांवर होता, धुकं दाटलेलं, आणि आसपास नथूखेरीज कोणी नव्हतं.

पाच

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त कंटाळा आला. एकतीस वर्षं गोड बोलणाऱ्या माणसांना गोड बोलण्याचा कंटाळा.

"पाटील, बाजूला व्हा," मी म्हणालो. "मला पाऊस मोजायचाय."

किल्ली कुलपात फिरली. मी आतलं भांडं काढून नळीनं पाणी मोजलं, प्रत्येक नळी पिशवीतल्या माझ्या तांब्यात रिती करत. एक नळी भरली. दुसरी भरली. तिसरी काठाच्या जरा खाली राहिली. भांडं रिकामं झालं होतं. दीड इंचाला थोडं कमी.

"सोमवारी सकाळी गुरुजींनी भांडं रिकामं केलं," मी पाटलांना सांगितलं. "त्या रात्री सात इंच कोसळला. सोमवारी संध्याकाळी गुरुजी मेले असतील तर ते सात इंच इथं असायला हवेत. ते कुठं गेले?"

"भांडं गळकं आसंल," पाटील लगेच म्हणाले.

मी मोजलेलं पाणी पुन्हा भांड्यात ओतलं, ते यंत्राजवळची सपाट फरशी पुसून तिच्यावर ठेवलं, वर माझी छत्री धरली आणि बसून राहिलो. तासभर. पाटील उभे होते, नथू पलीकडे उकिडवा बसला होता.  तासाभरानं पुन्हा मोजलं. तेवढंच. फरशी कोरडी.

"भांडं गळत नाही. किल्ली एकच, आणि ती गुरुजींच्या कमरेला होती. तेव्हा सोमवारचा पाऊस संपल्यावर, मंगळवारी सकाळी, गुरुजींनी स्वतः इथं येऊन हे भांडं रिकामं केलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता ते जिवंत होते. आणि अंबाजी सातपासून भाज्यात बारशाला बसला होता, सगळ्या गावासमोर. ज्याला तुम्ही पळून जाणं म्हणता तोच त्याचा पुरावा आहे. गुरुजी सोमवारनंतर दिसले नाहीत ही साक्ष तुमची आहे, पाटील. अंबाजीला ती साक्ष फासावर नेतेय. का दिलीत? ढकललंत तुम्ही त्यांना?"

"न्हाई! आईची आन!" पाटील ओरडले. पण उत्तर आलं ते नथूकडून.

"त्येंनी न्हाई ढकललं, रावसायेब. कुनीच न्हाई." नथू उठून जवळ आला. "म्या बगितलं. मी खाली गुरं राखत हुतो. गुरुजी पानी मोजून वळलं, वारं आलं, छत्री उलटी झाली. छत्री सोडावी का न्हाई? ती धराया गेलं आन् पाय सुटला. मी पळत ग्येलो तवर सपलं हुतं."

"मग चावडीवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पाटलांनाच सांगितलं."

आता पाटील खाली बसले. त्यांची सगळी ऐट गेली होती. "मागं येकदा हितं येक मुडदा मिळालता, रावसायेब. अकरा दिस पंचनामा चालला. फौजदार, शिपाई, त्येंची घोडी. बायका दळून दळून मेटाकुटीला आल्या, गडी वेठीला. जो त्यो संशयित. तवापासनं आमी ठरवलं, मुडदा घावला की हद्दीपल्याड ठेवायचा. खालचं लोक बी तसंच करत्यात, तेंचं वर आनून टाकत्यात. ह्ये चालतंच. म्या आन् नथूनं घोंगडीत घालून न्हेलं. पंचमीमुळं वाटंला कुनी न्हवतं."

"आणि विसावा दिलात."

"द्यावा लागतो की," नथू म्हणाला. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता. "मानूस हुता त्यो. माज्या नातवाला त्येंनीच बाराखडी शिकवली. उघड्यावर टाकलं तर कोल्ही खातील म्हनून गोठ्याच्या आडोशाला न्हेलं, खाली पेंढा घातला. अंबाजीवर बालंट येईल आसं सपनात बी न्हवतं."

"पण आलं. मग तरी बोलायचं."

"मला वाटलं, सुटंल त्यो," पाटील पुटपुटले. "बगितलेलं कुनीच न्हाई, तर कशी व्हईल शिक्षा? बोललो तर माझी पाटीलकी जाईल, नथूचं वतन जाईल. रोज म्हनायचो, आजचा दिस बगू."

खून कोणीच केला नव्हता. वाऱ्यानं एक गरीब मास्तर घालवला होता, आणि अंबाजीला फासावर चढवायला निघाला होता तो आमचा सगळ्यांचा पंचनाम्याचा धाक. माझ्या कचेरीचा त्यात किती वाटा आहे याचा विचार करत मी यंत्राला कुलूप लावलं.

सहा

मामलेदारसाहेबांना एक ओळ हवी होती. मी अकरा पानं दिली. ते चिडले, पण शेवटपर्यंत वाचत गेले आणि वाचून झाल्यावर त्यांनी सही केली. भाज्याहून चौदा माणसं साक्षीला आली. नथूनं जबानी दिली, मग पाटलांनाही द्यावी लागली. सोमवारी खालची पार्टी आली ती रिकाम्या हातानं परत गेली आणि अंबाजी सुटला. पाटील आणि नथू दोघंही कामावरून दूर झाले. नथूचं मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

मंगळवारी चावडीचं दप्तर ताब्यात घ्यायला मी पुन्हा करवंदेवाडीला गेलो तर मुक्ताबाई वाटेतच उभी. जेवल्याशिवाय हलू देणार नाही म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवेना. चुलीपुढे मी आणि अंबाजी शेजारी शेजारी बसलो. तिनं नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि दही वाढलं. सबंध वेळ ती हसत होती. अंबाजी मात्र कोठडीत बसायचा तसाच बसला होता.

माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. "अंबाजी," मी म्हणालो, "प्रेतं हद्दीपलीकडे ठेवतात हे वाडीतल्या गड्यांना ठाऊक. तुला ऐकताक्षणीच कळलं असणार गुरुजी तुझ्या गोठ्यात कसे आले ते. एक वाक्य बोलला असतास तर मी पहिल्याच दिवशी शोध घेतला असता. जीव जायची वेळ आली तरी गप्प का राहिलास?"

त्यानं ताटातला हात काढून घेतला.

"तीन वर्सांमागं येक बोहारी मेला हितं, रावसायेब. साप चावून. त्येला खाली न्हेला त्यात नथूसंगं दुसरा खांदा माजा हुता. खालच्या आंबेसोंडीत धाकू गोमाच्या खळ्यावर ठेवला. धाकूला धरला. विष घातलं म्हनं त्यानं, बोहाऱ्याच्या भांड्यांसाटी. चौदा वर्सांची सजा झाली त्येला. मला ह्ये मागनं खालच्या बाजारात कळलं, वाडीत कुनाला बोललो न्हाई." त्यानं बोटं धोतराला पुसली. "कोठडीत बसलो तवा म्हनलं, आता माजी पाळी. ह्ये प्रेत कसं आलं ते सांगितलं आसतं तर, आदीचं कसं ग्येलं ते बी इचारलं आसतं तुमी."

"तो अजून तुरुंगात आहे?"

"व्हय. अकरा वर्सं ऱ्हायली."

 अकरा पानं लिहून मी स्वतःवर खूश होतो. आता मागच्या कज्ज्याचे कागद उकरायचे, दुसऱ्या जिल्ह्यातले, निकाल लागून गेलेले. चार महिन्यांत ते होईल न होईल. आणि त्यासाठी पहिली जबानी लागणार होती या माणसाची, ज्याला सुटून एक दिवस झाला होता. प्रेत लपवलं, पुरावा बुडवला, निरपराधी माणसाला आत जाऊ दिलं. सजा होणारच. मी त्याला बोल म्हणू शकलो नाही. मी मुक्ताबाईकडे पाहिलं.

तिचं हसू गेलं होतं. तव्यावरची भाकरी करपत होती तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तुमी मला कदी सांगितलं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

"न्हाई."

"त्येची बायकू हाय?"

"हाय. दोन पोरं हायती."

 मुक्ताबाईनं करपलेली भाकरी बाजूला काढली, नवीन थापून तव्यावर टाकली, आणि ती फुगून वर आल्यावर नवऱ्याच्या ताटात ठेवली.

"पोटभर जेवा," ती म्हणाली, "आन् रावसायबांसंगं जावा. कचेरीत लवकर कुनी खायाला देत न्हाई."